पंगतीची कॅसेट

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला जो सिनेमा दाखवला त्यात अकरा मिनिटं नुसतं एक दार होतं. दार उघडं होतं, पण आत कोणी जात नव्हतं आणि बाहेर कोणी येत नव्हतं. संपल्यावर दिवे लागले तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, हिरो कवा येते?" वर्ग खो खो हसला. सरही हसले. मी हसले नाही, कारण मला वाटलं की बाकीच्यांना नाही पण आपल्याला हे कळलं. नेमकं काय कळलं हे कोणी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. सुदैवाने कोणी विचारलं नाही.

वाशिमच्या एका कॉलेजात हा वर्ग भरायचा, शनिवारी आणि रविवारी, चार महिने. बाहेर फळ्यावर 'प्रायोगिक चित्रपट' असं लिहिलेलं असायचं. सर पुण्याहून यायचे. सुरुवातीला आम्ही चौदा जण होतो. त्यातल्या निम्म्यांना वाटलं होतं की कॅमेरा शिकवतील, मग लग्नाच्या ऑर्डरी घेता येतील. त्यांनी पहिल्याच महिन्यात काढता पाय घेतला. मी टिकले. मी जवळच्याच मालेगावहून सकाळच्या बसने जायचे, आणि लग्नाच्या ऑर्डरी मला मुळीच घ्यायच्या नव्हत्या. आमच्या घरात तेच चालायचं आणि मला त्याची लाज वाटायला लागली होती.

माझे बाबा शूटिंगवाले. वाशीम रोडला त्यांचं छोटं दुकान आहे. मला कळायला लागलं तेव्हापासून तालुक्यातली लग्नं तेच घेतात. नवरीच्या चेहऱ्याभोवती बदाम, दोन्हीकडून उडत येणारी गुलाबाची फुलं, ढगांवर उभा असलेला नवरदेव, हे सगळं मिक्सिंग ते कोणाच्याही हाताखाली न राहता स्वतः शिकले. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून ती फुलं पडताना बघायचे आणि मला वाटायचं, आपल्या बाबांसारखं कोणालाच काही येत नसेल. वर्गाला जायला लागल्यावर एकदा जेवताना मी त्यांना म्हणाले, "बाबा, ते बदाम आता बंद करा. कोणी वापरत नाही."

"लोकायले आवडते बेटा," ते म्हणाले.

"लोकांना काय कळतं?"

बाबांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि जेवत राहिले. उलट दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते कौतुकाने सांगत होते, "माही पोरगी सिनेमा शिकून राह्यली, वाशीमले."

बाबांच्या दुकानात लग्नाशिवाय आणखी एक काम यायचं, आणि ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. गावात कोणी गेलं की तेरवीला हार घालायला फोटो लागतो. आता मोबाईल आले, पण आधी कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसांचा एकही फोटो नसायचा. मग घरचे लोक विचार करायचे, बुढा कोणाच्या लग्नाला गेला होता? आणि बाबांकडे यायचे. बाबा त्या लग्नाची कॅसेट लावायचे, सगळे मिळून वऱ्हाडातला माणूस शोधायचे, "तो, तो, फेटा बांधलेला," असं कोणीतरी ओरडायचं, आणि बाबा चित्र थांबवायचे. मग त्या चेहऱ्याचा फोटो निघायचा, मागे निळं आभाळ टाकून. कधी कधी शेजाऱ्याने खांद्यावर हात ठेवलेला असायचा आणि कितीही पुसलं तरी दोन बोटं खांद्यावर राहायचीच. तशाच फोटोला हार पडायचा.

म्हणूनच बाबांचा एक नियम होता. या धंद्यातले सगळे जण कॅसेट परत वापरायचे. एका लग्नाची सीडी करून दिली की तीच कॅसेट पुसून दुसऱ्या लग्नाला. बाबांनी तसं कधी केलं नाही. लोखंडी कपाटात प्रत्येक लग्नाच्या चार कॅसेट रांगेने लावलेल्या: एक हळद, दोन लग्न, तीन पंगत, चार बिदाई. वर गावाचं नाव. आता कॅसेटचे कॅमेरे गेले, सगळं कार्डावर आलं, तरी बाबांनी कपाट हलवलं नाही आणि तो जुना कॅमेराही विकला नाही. आई चिडवायची की या कपाटाला तुमच्या पोरीपेक्षा जास्त जपता.

तिसऱ्या महिन्यात सरांनी काम दिलं. एकच जागा घ्यायची. कॅमेरा हलवायचा नाही, माणूस आणायचा नाही, अर्धा तास जे होईल ते होऊ द्यायचं. "मोबाईलवर घेऊ नका," सर म्हणाले. "मोबाईलवर आवडलं नाही की पुसून टाकता, म्हणून तुम्ही नीट बघतच नाही." आणखी एक गोष्ट ते नेहमी सांगायचे, ती मी वहीत चौकट करून लिहिली होती. सगळे जिकडे बघतात तिकडे बघू नका, कडेला बघा. जे महत्त्वाचं नाही असं तुम्हाला वाटतं, तिथेच काहीतरी असतं.

मी हात वर केला आणि सांगितलं की आमच्या घरी कॅसेटचा कॅमेरा आहे. सरांचे डोळे चमकले. त्या दिवशी बाबांच्या धंद्याचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला, पण तोही माझ्या कामापुरताच.

कोरी कॅसेट मात्र मिळेना. मालेगावात नव्हती, वाशिमलाही दोन दुकानांत विचारलं. मागवली तर आठ-दहा दिवस लागणार होते आणि काम रविवारी दाखवायचं होतं. शुक्रवारी बाबा बाहेरगावी लग्नाला गेले होते. मी कपाट उघडलं.

मी हाताला येईल ती कॅसेट उचलली नाही. उचलली असती तर कदाचित स्वतःला थोडं माफ करता आलं असतं. मी कपाटासमोर बसून नीट विचार केला. लग्नाची कॅसेट नको, ती कोणीही मागेल. बिदाईची नको, तिच्यात लोक रडतात. हळदीतही घरची माणसं असतात. पंगत मात्र कोण बघणार? लोक मांडी घालून जेवतात, कॅमेरा आला की तोंडावर हात धरतात, वाढपी बादल्या घेऊन धावतात, बस. शिवाय लग्न जुनं होतं, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं. मी 'किन्हीराजा' लिहिलेल्या चार कॅसेटमधली तीन नंबरची घेतली, सुरुवातीला गुंडाळून आणली आणि कॅमेऱ्यात घातली.

मी आमच्या परसातली भिंत घेतली. निळ्या चुन्याची, पोपडे सुटलेली. दुपारी तीननंतर छपराची सावली तिच्यावरून हळूहळू खाली उतरते. अर्धा तास मी कॅमेऱ्याच्या मागे पाटावर बसून राहिले. एक पाल आली, थांबली, गेली. शेजारच्या घरी कोणीतरी भांडी घासत होतं. मला खरंच वाटलं की ही भिंत मी आजवर पाहिलीच नव्हती. कॅसेट मी परत जागच्या जागी ठेवून दिली, कारण चित्र संगणकात उतरवून झालं होतं. बाबांना सांगितलं नाही. सांगू, सांगू असं म्हणत राहिले आणि मग विसरलेही.

रविवारी वर्गात ती भिंत पडद्यावर आली. कोणी हसलं नाही. अर्धा तास कोणी मोबाईलसुद्धा काढला नाही. दिवे लागल्यावर सर म्हणाले, "तू बघायला शिकलीस." मला आयुष्यात कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये मला जागा मिळाली नाही, मी उभ्याने आले, आणि तरी मालेगाव कधी आलं ते कळलं नाही. तो आनंद खरा होता. पुढे जे झालं त्यानंतरही तो खोटा ठरला नाही, आणि हेच मला जास्त छळतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका सकाळी, दुकानात एक बाई आली. पस्तिशीची असेल. हातात कापडी पिशवी. मी काउंटरपाशी बसले होते, बाबा आत काम करत होते. ती मला न विचारता थेट बाबांशी बोलली.

"भाऊ, ओळखलं नाई तुमी मले. किन्हीराजाचं लगन होतं माहं. तुमीच आलते शूटिंगले. मी आता सासरी, धनजले असते."

किन्हीराजा हे नाव ऐकलं आणि मी कपाटाकडे पाहिलं.

"बसा ताई," बाबा बाहेर येत म्हणाले. "काय काढलं?"

"माय गेली माही. परवा तेरवी हाय, किन्हीराजालेच."

बाबांनी हात जोडले. मग नेहमीच्या सवयीने विचारलं, "फोटो पाह्यजे का?"

"फोटो हायेत. आधारचा हाय, मोबाईलातबी हायेत. पन सगळे खाटेवरचे. आठ वर्सं लकवा होता तिले, तोंड वाकडं झालतं." तिने पिशवी काउंटरवर ठेवली. "मले फोटो नाई पाह्यजे भाऊ. माह्या लग्नात माय कुठं होती, ते मले पाहाचं हाय."

बाबांनी खुर्ची पुढे केली. ती खुर्चीत बसली आणि सांगायला लागली. तिचे वडील ती लहान असताना वारले होते. माय विधवा, म्हणून कन्यादान काका-काकूंनी केलं. हळदीला मायचा हात लागू दिला नाही. अक्षता पडताना ती मांडवात नव्हती. अल्बममध्ये नाही, सीडीतही नाही.

"दिवसभर दिसली नाई ते मले," ती म्हणाली. "मी पाटावर बसून राह्यली. कोनी म्हने, खाली पाह्य, कोनी म्हने, सरळ बस. माही माय कुठं हाय, हे मी कोनालेच इचारलं नाई. पन माय सांगे, त्या शूटिंगवाल्यानं माहीबी शूटिंग घेतली म्हनून. जीभ जड झालती तरी सांगे. मले वाटे, मले बरं वाटावं म्हनून उगाच सांगते."

"उगाच नाई ताई," बाबा म्हणाले. "घेतली होती मी. त्यायनं मले पंगत बसाच्या आंधी जेवू घातलं. म्हने, भाऊ, सकाळपासून उपाशी फिरून राह्यले तुमी. मंग मी कॅमेरा धरला तं तोंडावर पदर घेतला. मी म्हनलं, माय, पोरीचं लगन हाय, इकडं पाहा एकडाव. तं पाह्यलं. हासल्या. चांगली घटकाभर घेतली मी."

त्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मंग सीडीत काहून नाई?"

बाबांनी मान खाली घातली. "तुमच्या काकानं काढाले लावलं. मिक्सिंगले येऊन बसले होते. म्हने, शुभ कामात हे नको. मी काढलं." मग घाईघाईने म्हणाले, "पन ओरिजनल हाय. मी पुसत नाई कधी."

आणि ते कपाटाकडे गेले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. कपाट उघडून कॅसेट काढून, जुना कॅमेरा आणून, त्याची वायर टीव्हीला लावेपर्यंत किती वेळ गेला. मी बसून राहिले. माझ्या मनात चाललं होतं की अर्धीच तर गेली, अर्धी शिल्लक आहे, माय त्या अर्ध्यात असेल. मी जिचं नावही ऐकलं नव्हतं त्या बाईसाठी मी देवाचा धावा करत होते.

टीव्हीवर आमची भिंत आली.

बाबांनी ती लगेच ओळखली. त्या भिंतीला चुना त्यांनी स्वतः दिला होता. ते माझ्याकडे वळले नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. बाई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "भाऊ, हे काय हाय?"

"थांबा ताई. पुढं हाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी कॅसेट पुढे पळवली. वर्गात अर्धा तास जिच्यावर कोणी हसलं नव्हतं ती सावली भिंतीवरून भराभर खाली आली, पाल टुणकन आली आणि गेली. मग पडदा निळा झाला आणि एकदम मांडव आला, माणसांचा कलकलाट, पत्रावळी.

शेवटच्या पंगती होत्या. बाबांनी वेग कमी केला. ओळीने माणसं जेवत होती, बुंदी वाढणारा वाकून वाकून पुढे जात होता. बाई एकेक चेहरा बघत होती. तिने दोन मावश्या ओळखल्या, एक मेलेला चुलत आजा ओळखला, त्यांची नावं घेतली. बिछायत उचलायला माणसं आली तिथवर आम्ही आलो होतो आणि अचानक ती उठून टीव्हीपाशी गेली. "हे! हे पाहा! मागं घ्या भाऊ!"

बाबांनी मागे घेतलं. मांडवाच्या टोकाला, दोन बांबूंच्या मधून, पांढुरक्या लुगड्यातली एक बाई वरणाची बादली घेऊन चुलीकडे चालली होती. पाठमोरी. तीन-चार पावलं, मग कनातीमागे गेली.

"चाल तिचीच हाय," ती म्हणाली. "एक खांदा असा खाली करून चाले ते." तिने काचेवर बोट ठेवलं. "वळली नाई का पुढं?"

वळली नव्हती. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा लावायला सांगितलं. प्रत्येक वेळी ती माय वळेल म्हणून बघायची आणि माय कनातीमागे जायची. शेवटी बाबांनी बटण दाबून थांबवलं आणि म्हणाले, "जुनी कॅसेट हाय ताई. सुरवातीची खराब झाली. माही चूक हाय. मले ध्यान देता नाई आलं."

बाबा माझ्यासाठी खोटं बोलत होते. ज्या एका गोष्टीसाठी तालुक्यात त्यांचं नाव होतं, तीच गोष्ट ते माझ्या वाट्याची चूक झाकायला देऊन टाकत होते. ते मला सहन झालं नाही.

"ताई, खराब नाही झाली," मी म्हणाले. "मी पुसली. ती भिंत मी घेतली आहे. माझ्या वर्गासाठी."

ती माझ्याकडे वळली. मी दुकानात आहे हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. ती चिडेल असं मला वाटलं होतं, पण तिने फक्त विचारलं, "कायले?"

माझ्याकडे सगळी वही भरून उत्तरं होती. वेळ, प्रकाश, बघण्याची सवय. चौकटीत लिहिलेलं ते वाक्यही होतं, कडेला बघा. तिच्या मायला आयुष्यभर कडेलाच ठेवलं होतं, आणि मी कडेची गोष्ट शोधायला म्हणून जाऊन तिलाच पुसून आले होते. "मला वाटलं, पंगत कोण बघणार," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतंच.

तिने टीव्हीकडे पाहिलं. मग हळू आवाजात, बाबांनाच सांगत असल्यासारखी म्हणाली, "काकानं मांडवाच्या भाईर ठेवलं. तुमी सीडीतून काढलं. मी तं पोटची पोर, मी इचारलंबी नाई. एवढं होऊन ते तिथं त्या पंगतीत होती, कोनाले काही मागत नव्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भरल्या पंगतीतून मानसाले उठवत नाई बाई कोनी. तू तिले तिथूनबी उठवलं."

बाबांनी खाली मान घालून ते तीन-चार पावलांचं चित्र पेनड्राइव्हवर घेतलं. त्यांनी विचारलं की आणखी काही करून देऊ का, पाठमोरीच फोटोसाठी मोठी करून देऊ का. "नाई," ती म्हणाली, "हालते तशीच राहू द्या." पेनड्राइव्ह तिने रुमालात बांधला, रुमाल पिशवीत ठेवला, आणि पायऱ्या उतरली.

मी तिच्या मागे धावले. थांब्यापर्यंत सोडते म्हणून पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन किन्हीराजाच्या बसकडे चालायला लागली. तिचाही एक खांदा खाली होता. मी हाक मारली. ती वळली नाही.